झाडाच्या पाटीवरचे दुसरे नाव

शाळेच्या आवारात किंवा गावातल्या बागेत झाडांच्या खोडांवर लावलेल्या पत्र्याच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘आंबा’ आणि खालच्या ओळीत जरा तिरप्या अक्षरांत ‘मँजिफेरा इंडिका’. पहिले नाव आपण वाचतो, दुसऱ्यावरून नुसती नजर फिरवतो आणि पुढे जातो. हे दुसरे नाव शास्त्रज्ञांचे, आपले नव्हे, अशी आपली समजूत असते. परीक्षेसाठी कधी पाठ करावेच लागले, तर अर्थ न कळता मंत्र घोकावा तसे आपण ते घोकतो.

मी भौतिकी शिकवतो. तेव्हा वनस्पतींच्या नावांवर मी का लिहावे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याला कारण एक जुनी आठवण आहे. बारावीला असताना जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्यापुढे आंब्याची डहाळी धरली. मी चटकन म्हणालो, “मँजिफेरा इंडिका.” परीक्षक हसले. “मँजिफेरा नव्हे, मँगिफेरा,” ते म्हणाले, आणि रांगेत उभ्या असलेल्या दोघातिघांनाही हसू आले. या नावाचा अर्थ काय, हे त्यांनी विचारले नाही आणि विचारले असते तरी मला सांगता आले नसते. त्या दिवशी बरोबर कोण होते, ते आपण पुढे पाहूच.

एवढे मात्र आताच सांगतो. ही नावे म्हणजे मंत्र नव्हेत. दोन शब्दांत बसवलेली ती माहिती असते आणि ती वाचता येते. वाचण्यासाठी लागणारी बरीचशी तयारी तुमची मराठीच्या तासाला आधीच झालेली आहे.

दुसरे नाव हवेच कशाला?

अशोकाचे उदाहरण घ्या. वसाहतींच्या कुंपणालगत एक सरळसोट वाढणारे झाड लावलेले असते. पाने लांब आणि कडा नागमोडी. त्याला सगळेजण अशोक म्हणतात. परंतु ज्याला शेंदरी फुलांचे घोस येतात आणि ज्याची साल आयुर्वेदात औषधासाठी वापरतात, तो अशोक निराळा. त्याचे शास्त्रीय नाव ‘सराका असोका’. कुंपणाजवळच्या झाडाचे नाव ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’. लाँगिफोलिया म्हणजे लांब पानांची. दोघांची कुळेसुद्धा वेगळी. खरा अशोक चिंचेसारखा शेंगा धरणाऱ्या कुळातला, तर दुसरा सीताफळाच्या कुळातला. खऱ्या अशोकाची साल दुर्मिळ झाली आहे, म्हणून बाजारात तिच्यात या दुसऱ्या सालीची भेसळ होते. वाळलेल्या साली दिसायला सारख्या आणि झाडांचे बोलीतले नावही एकच. मग विकत घेणाऱ्याने फरक ओळखायचा कसा?

ब्राह्मीचीही तीच गोष्ट. कोणी ब्राह्मी म्हणून पाणथळ जागी वाढणारी, लहान मांसल पानांची ‘बॅकोपा मोनिएरी’ देतो, तर कोणी गोलसर पानांची ‘सेंटेला एशियाटिका’. दोन्ही वनस्पती औषधी आहेत, पण एकच नव्हेत.

घोटाळा जिवावरही बेतू शकतो. मसाल्यातल्या चक्रीफुलाचे नाव ‘इलिशियम व्हेरम’. व्हेरम म्हणजे ‘खरे’. ‘खरे’ असे मुद्दाम सांगावे लागते, कारण त्याचा एक तोतयाही आहे. जपानातील ‘इलिशियम अनिसाटम’ या झाडाची फळे वाळली की हुबेहूब चक्रीफुलासारखी दिसतात, परंतु ती विषारी असतात. २००१ साली नेदरलँड्समध्ये चहात घालायच्या चक्रीफुलांत ही जपानी फळे मिसळली गेली. तो चहा पिऊन अनेकजण आजारी पडले आणि काहींना फेफरे आल्यासारखे झटके आले. अशा वेळी डब्यावर नुसते ‘चक्रीफूल’ लिहिलेले असणे पुरेसे होत नाही. व्हेरम की अनिसाटम, हे कळावे लागते.

दोन शब्दांची युक्ती

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या आधीही युरोपात वनस्पतींना लॅटिन नावे होती, पण ती नावे म्हणजे लांबलचक वर्णने असत. एखाद्या मुलाला ‘उंच, कुरळ्या केसांचा, डाव्या गालावर तीळ असलेला’ अशी हाक मारावी, तशी. शाळेत तसाच आणखी एक मुलगा आला, तर पहिल्याच्या हाकेत ‘चष्मा लावणारा’ एवढे वाढवायचे! नव्या वनस्पती सापडत गेल्या तशी ही नावे लांबत गेली.

१७५३ साली लिनियसने ‘स्पीशीज प्लँटारम’, म्हणजे ‘वनस्पतींच्या जाती’, हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही लांब वर्णने होतीच. मात्र प्रत्येक वर्णनाशेजारी समासात त्याने एकेक सुटसुटीत शब्द लिहिला. प्रजातीचे नाव आणि हा समासातला शब्द मिळून दोन शब्दांचे नाव झाले. वर्णने मागे पडली आणि समासातले शब्द टिकले. वनस्पतींच्या नावांचा हिशोब आजही १ मे १७५३ या तारखेपासून धरला जातो.

हजेरीपटावर नाव कसे लिहितात ते आठवा. ‘कुलकर्णी सुधा’, ‘कुलकर्णी माधव’. आडनाव आधी, नाव नंतर. येथेही तसेच. ‘फायकस’ हे आडनाव. मग ‘फायकस बेंगालेन्सिस’ म्हणजे वड, ‘फायकस रिलिजिओसा’ म्हणजे पिंपळ, ‘फायकस रेसिमोसा’ म्हणजे उंबर आणि ‘फायकस कॅरिका’ म्हणजे अंजीर. चौघांची भावकी नावावरूनच कळते. वड, पिंपळ, उंबर, अंजीर या मराठी नावांवरून ती कळत नाही. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे असते आणि दुसरा शब्द लहान अक्षराने सुरू होतो, मग तो एखाद्या देशाच्या किंवा माणसाच्या नावावरून आलेला का असेना. पाटीवर शेवटी एकटेच ‘एल’ हे अक्षर दिसले, तर नाव देणारा स्वतः लिनियस, असे समजावे.

काळा, काळी, काळे

इंग्रजी शिकताना विशेषणाला लिंग नसते हे तुम्ही शिकलात. घोडा असो, गाय असो की मांजर असो, इंग्रजीत ‘ब्लॅक’च. मराठीत मात्र काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर. लॅटिन या बाबतीत इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे. तिलाही तीन लिंगे आहेत आणि तिचेही विशेषण नामाप्रमाणे बदलते. काळा म्हणजे ‘नायजर’, काळी म्हणजे ‘नायग्रा’, काळे म्हणजे ‘नायग्रम’. म्हणून खुरासनी ओवा ‘हायोसायमस नायजर’, काळी मोहरी ‘ब्रॅसिका नायग्रा’ आणि काळी मिरी ‘पायपर नायग्रम’. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, फक्त तो आपल्या नामाशी जुळवून घेतो.

पांढऱ्याचे तसेच : अल्बस, अल्बा, अल्बम. चंदन म्हणजे ‘सँटॅलम अल्बम’. (फोटो चिकटवायचा अल्बम तो हाच. रोमन लोक पांढऱ्या फळीवर जाहीर सूचना लिहीत, तिला ते अल्बम म्हणत.) आता वर उल्लेखिलेला कुंपणाचा अशोक पुन्हा पाहा. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘पॉलिअल्थिया’मधून काढून ‘मोनून’ या प्रजातीत घातले. मोनून हे नपुंसकलिंगी नाम आहे. लगेच ‘लाँगिफोलिया’चे ‘लाँगिफोलियम’ झाले. लांब पानांची होती, ती लांब पानांचे झाली, एवढेच! पाठ करणाऱ्याला ही आणखी एक कटकट वाटेल, पण मराठी बोलणाऱ्याला तीत नवल वाटू नये.

एक गंमत राहिली. ‘अस’ने संपणारी लॅटिन नामे बहुधा पुल्लिंगी असतात. मग ‘फायकस’पुढे ‘रिलिजिओसस’ न येता ‘रिलिजिओसा’ का आले? तुतीला ‘मोरस अल्बस’ न म्हणता ‘मोरस अल्बा’ का म्हणतात? कारण रोमन लोकांच्या भाषेत झाडे स्त्रीलिंगी असत, शेवट काहीही असो. तुम्ही म्हणाल, हा काय विक्षिप्तपणा! परंतु परक्याने मराठी शिकताना वृक्ष ‘तो’, झाड ‘ते’ आणि चिंच ‘ती’ का, असे विचारले तर तुम्ही काय सांगाल?

मराठीतली षष्ठीसुद्धा येथे भेटते. सह्याद्रीच्या कड्यांवर व पठारांवर ‘सेरोपेजिया’ या प्रजातीच्या कंदिलासारख्या फुलांच्या वनस्पती उगवतात. त्यांतल्या एकीचे नाव ‘सेरोपेजिया महाबळेई’. शेवटची ‘ई’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांच्या गौरवार्थ हे नाव दिले आहे. दुसरी ‘सेरोपेजिया पंचगणिएन्सिस’. ‘एन्सिस’ म्हणजे त्या ठिकाणची. तिसरी ‘सह्याद्रिका’, तिचा अर्थ मी सांगायला नको. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम’ आहे. यातले बोरिव्हिली म्हणजे मुंबईचे बोरिवलीच. जगातल्या कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला या वनस्पतीचे नाव घ्यायचे, तर बोरिवलीचे नाव घ्यावे लागते.

ओळखीचे शब्द, अनोळखी वेषात

लॅटिन नावांतले सगळेच शब्द लॅटिन असतात असे नाही. लॅटिनचा साचा, आणि त्यात ओतलेले शब्द ग्रीक, अरबी, फारसी, तमिळ, मलयाळम, संस्कृत, कोठलेही. काळ्या मिरीचे ‘पायपर’ हे ‘पिप्पली’ या आपल्या शब्दाचे दूरदेशी गेलेले रूप आहे. आले ‘झिंजिबर’ झाले ते ‘शृंगवेर’ या संस्कृत शब्दावरून, वाटेत प्राकृत आणि ग्रीक भाषांत मुक्काम करून. ‘सँटॅलम’च्या मुळाशी ‘चंदन’ आहे. ‘दातुरा’ तर सरळसरळ धोतरा. शेवग्याची ‘मोरिंगा’ ही तमिळ ‘मुरुंगै’. अडुळशाचे ‘जस्टिशिया अधातोडा’ यातला दुसरा शब्दही तमिळ वळणाचा. ‘आडु’ म्हणजे शेळी आणि अर्थ असा, की शेळी ज्याला तोंड लावत नाही ते. अडुळशाची चव ज्याने घेतली आहे, तो शेळीला दोष देणार नाही.

कडुनिंबाचे नाव ‘अझाडिराक्टा इंडिका’ उच्चारताना विद्यार्थ्यांची बोबडी वळते. ते मधोमध तोडून पाहा. ‘आझाद’ आणि ‘दरख्त’. फारसीत आझाद म्हणजे स्वतंत्र आणि दरख्त म्हणजे झाड. इंडिका म्हणजे हिंदुस्थानातली. आता हे नाव तुम्ही विसरू म्हटले तरी विसरणार नाही.

आंब्याकडे येऊ. ‘मँजि’ म्हणजे आंबा. मलयाळममधील ‘मांगा’ पोर्तुगीजांनी उचलला आणि युरोपात नेला. ‘फेरा’ म्हणजे धारण करणारी. लॅटिनमधील हा ‘फेर’ आणि संस्कृतातील ‘भृ’ धातू, ज्याच्यापासून ‘भार’ आला, ही सख्खी भावंडे आहेत. एवढे कळले की इतर नावे आपोआप उलगडतात. ‘ओलिफेरा’ म्हणजे तेल धारण करणारी, म्हणून शेवगा ‘मोरिंगा ओलिफेरा’. त्याच्या बियांत तेल असते. ‘न्यूसिफेरा’ म्हणजे कठीण कवचाचे फळ धारण करणारी. नारळ ‘कोकोस न्यूसिफेरा’ आणि कमळ ‘निलंबो न्यूसिफेरा’.

ग्रीक शब्दांबाबत आम्हां भौतिकीवाल्यांना थोडे घरच्यासारखे वाटते. सूर्यफूल ‘हेलिॲन्थस’, ‘हेलिओस’ सूर्य, ‘अँथोस’ फूल. १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेषा दिसली, तिच्यावरून ओळखलेल्या मूलद्रव्याला हेलियम म्हणतात ते याच हेलिओसवरून. बिबळ्याचे नाव ‘टेरोकार्पस’. ‘टेरॉन’ पंख, ‘कार्पोस’ फळ. बिबळ्याचे चपटे गोल फळ हातात घ्या, मध्ये बी आणि भोवती पंखाची झालर दिसेल. हेलिकॉप्टरमधला ‘प्टर’ तो हाच पंख. पळस ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’. ‘मोनो’ एक, ‘स्पर्मा’ बी, आणि पळसाच्या शेंगेच्या टोकाला खरोखर एकच बी असते. गणपतीच्या दूर्वा ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’. ‘सायनोडॉन’ म्हणजे कुत्र्याचा दात. यातला ग्रीक ‘क्युऑन’ आणि संस्कृत ‘श्वन्’ हे एकाच मुळापासूनचे, तसेच ‘ओडोन्त’ आणि ‘दन्त’ही. ‘डॅक्टिलॉस’ म्हणजे बोट. हरळीला तुरे आले की पाहा, देठाच्या टोकाशी हाताच्या बोटांसारखी पसरलेली कणसे दिसतात.

माणसे

काही नावांत माणसे दडलेली असतात. दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो. आपटा म्हणजे ‘बौहिनिया रेसिमोसा’. योहान आणि कास्पार बौहिन हे दोघे भाऊ, दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. आपट्याचे पान म्हणजे मध्यशिरेशी जोडलेले दोन सारखे भाग. दोन भावांची जोडी एका पानात बसवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारा केना म्हणजे ‘कॉमेलिना बेंगालेन्सिस’. त्याच्या निळ्या फुलात दोन पाकळ्या ठळक आणि तिसरी लहान असते. लिनियसने म्हटले, की कॉमेलिन घराण्यातील दोघांनी वनस्पतिशास्त्रात नाव मिळवले, तिसरा मात्र काही करून दाखवण्यापूर्वीच वारला. शेतकऱ्याला नकोसे असलेले हे तण, पण त्यात केवढा करुण इतिहास!

कुंभ्याच्या झाडाचे नाव ‘केरिया अर्बोरिया’. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते विल्यम केरीवरून दिले. बंगालमधील श्रीरामपूरचा हा धर्मोपदेशक हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारा केरीही हाच. तेव्हा मराठीच्या तासाला आणि जीवशास्त्राच्या तासाला एकच माणूस भेटतो.

नाव चुकले तर?

चिंचेचे नाव ‘टॅमॅरिंडस इंडिका’. अरबीत ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यापुढे पुन्हा इंडिका. म्हणजे एकाच नावात दोनदा भारत. आणि चिंच तर मूळची उष्ण कटिबंधातील आफ्रिकेची! मग नाव बदलावे काय? नाही. नियम असा आहे, की नावाचा अर्थ चुकीचा आहे एवढ्याच कारणाने ते रद्द होत नाही. ‘काळे’ आडनावाचा मनुष्य गोरा निघाला, म्हणून आपण त्याचे आडनाव बदलत नाही, तसेच हे.

दुसरा नियम ज्येष्ठतेचा. ‘ऑसिमम सँक्टम’ म्हणजे पवित्र तुळस, हे नाव जुन्या पुस्तकांतून तुम्ही वाचले असेल. लिनियसने हे नाव १७६७ साली दिले. मात्र त्याआधी, १७५३ सालीच, त्याने याच वनस्पतीला ‘टेनुइफ्लोरम’, म्हणजे नाजूक फुलांचे, असे नाव देऊन ठेवले होते. दोन्ही वनस्पती एकच हे लक्षात आल्यावर आधीचे नाव कायम राहिले आणि तुळशीचे ‘पवित्र’ विशेषण गेले. मला स्वतःला हे रुचले नाही. पण आवडीनुसार नियम वाकवू लागलो, तर पुन्हा प्रत्येकाचे नाव वेगळे.

कधीकधी जुने नाव दुसरीकडे जिवंत राहते. सदाफुलीला पूर्वी ‘व्हिंका रोझिया’ म्हणत. आता ‘कॅथरँथस रोझियस’ म्हणतात. (‘रोझिया’चे ‘रोझियस’ का झाले, ते आता तुम्हीच सांगा.) परंतु तिच्यापासून मिळालेल्या कर्करोगावरील औषधांची नावे व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन अशीच राहिली आहेत. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या औषधाच्या बाटलीवर अंगणातल्या सदाफुलीचे जुने नाव अजून वाचता येते.

अर्थामुळे नाव बदलण्याची वेळ मात्र अलीकडे एकदा आली. आपल्या पांगाऱ्याच्या ‘एरिथ्रिना’ प्रजातीतील एका आफ्रिकी जातीचे नाव ‘एरिथ्रिना काफ्रा’ होते. हा दुसरा शब्द आफ्रिकेतील लोकांना हिणवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिवीवरून आलेला. अशी दोनशेहून अधिक नावे होती. जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान होऊन ‘काफ्रा’च्या जागी ‘आफ्रा’, म्हणजे आफ्रिकेची, असे करण्याचे ठरले. एक अक्षर गळले आणि शिवीचा पत्ता झाला.

उच्चार कोणाचा खरा?

आता तोंडी परीक्षेकडे परत जाऊ. लिहिण्याचे नियम वनस्पतिशास्त्रज्ञांनी अगदी काटेकोर ठरवलेले आहेत. उच्चाराचा मात्र त्यांनी एकही नियम केलेला नाही. विल्यम स्टर्न या इंग्रज अभ्यासकाचे ‘बोटॅनिकल लॅटिन’ हे १९६६ चे पुस्तक या विषयात प्रमाण मानतात. त्यानेही म्हटले आहे, की उच्चार कानाला बरा वाटला आणि ऐकणाऱ्याला समजला म्हणजे झाले.

असे का? लॅटिन आज कोणाचीही मातृभाषा नाही. प्रत्येक देशाने ती आपापल्या वळणाने उच्चारली. रोमन लिपीतील ‘सी’ हे अक्षर घ्या. ते अ, ओ, उ यांच्या आधी आले तर सर्वत्र ‘क’. ए किंवा इ यांच्या आधी आले, की इंग्रज त्याला ‘स’ म्हणतो, इटालियन ‘च’ म्हणतो, आणि जुन्या रोमन पद्धतीने बोलणारा ‘क’च म्हणतो. म्हणून सह्याद्रीतली तीच वनस्पती कोणाची सेरोपेजिया, कोणाची चेरोपेजिया आणि कोणाची केरोपेगिया. ‘जी’ या अक्षराचेही तसेच. ए आणि इ यांच्या आधी इंग्रजी वळणाने ‘ज’, रोमन वळणाने ‘ग’. तेव्हा मँजिफेरा आणि मँगिफेरा हे दोन्ही उच्चार चालतात. मी बरोबर होतो आणि परीक्षकही बरोबर होते; हसायचे मात्र काही कारण नव्हते.

पण आमची दोघांचीही एक चूक झाली होती. आम्ही दोघांनीही आघात ‘फे’वर दिला होता. आघात कोठे द्यावा, याचा लॅटिनचा जुना नियम आहे आणि तो तुम्हांला अवघड जाऊ नये, कारण वृत्ते शिकताना लघू-गुरू तुम्ही शिकलेले आहात. शब्दाच्या शेवटून दुसरे अक्षर पाहावे. ते गुरू असेल तर आघात त्याच्यावर. लघू असेल तर आघात त्याच्या आधीच्या अक्षरावर. गुरू कसे ओळखायचे? स्वर दीर्घ असेल किंवा स्वरापुढे दोन व्यंजने आली तर गुरू. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हाच आपला नियम!

करून पाहा. ‘बेंगालेन्सिस’मध्ये शेवटून दुसरे ‘ले’, त्यापुढे ‘न्स’ हे जोडाक्षर, म्हणून आघात ‘ले’वर. ‘मोनोस्पर्मा’त ‘र्म’मुळे ‘स्प’वर. ‘रिलिजिओसा’त ‘ओ’ दीर्घ, आघात त्याच्यावर. ‘इंडिका’त ‘डि’ लघू, म्हणून आघात एक घर मागे, ‘इं’वर. ‘मँजिफेरा’त लॅटिन ‘फे’ हा लघू आहे, आपण तो देवनागरीत दीर्घ लिहितो एवढेच. म्हणून आघात ‘जि’वर. न्यूसिफेराचा ‘सि’वर आणि ओलिफेराचा ‘लि’वर. अडचण एकच. रोमन लिपी ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही, त्यामुळे काही शेवट लक्षात ठेवावे लागतात. ‘ओसा’, ‘आटा’, ‘आलिस’ यांचे पहिले स्वर दीर्घ. ‘इका’ आणि ‘इफेरा’ यांतले ‘इ’ आणि ‘फे’ लघू.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्याने ‘सायनोडॉन’ऐवजी ‘किनोडॉन’ म्हटले, तर त्याला थांबवू नका. कुत्र्याचा दात कोठला, हे विचारा. लिहिताना मात्र एका अक्षराचीही सूट देऊ नका.

शेवटी दोन पाट्या तुमच्यासाठी ठेवतो. पहिली पारिजातकावरची, ‘निक्टँथस अर्बोर-ट्रिस्टिस’. ग्रीकमध्ये ‘निक्स’ म्हणजे रात्र आणि ‘अँथोस’ तुम्हांला वर भेटला आहेच. लॅटिनमध्ये ‘अर्बोर’ म्हणजे झाड आणि ‘ट्रिस्टिस’ म्हणजे उदास. सकाळी त्या झाडाखाली जाऊन उभे राहा, म्हणजे ते उदास का, हे कळेल. दुसरी सागावरची, ‘टेक्टोना ग्रँडिस’. ग्रीकमध्ये ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार. ‘ग्रँडिस’ तुम्ही ओळखा.